‘व्हर्सेस’चा रोख

कोर्टातल्या कुठल्याही खटल्याच्या नावात दोन पक्षांच्या मध्ये ‘व्हर्सेस’ उभा असतो. आपण त्याला ‘विरुद्ध’ म्हणतो आणि लगेच हाडवैर डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते हा शब्द वैराबद्दल काहीच बोलत नाही. कोण कोणाकडे रोख करून दाद मागतोय, एवढंच तो सांगतो. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘कडे वळलेला’ असाच आहे. ‘विरोधात’ हा अर्थ पुढे कायद्याच्या भाषेत रुळला. खुद्द इंग्लंडात दिवाणी खटल्याचं नाव उच्चारताना वकील ‘व्हर्सेस’ऐवजी चक्क ‘अँड’ म्हणतात! आपल्याकडे १९७६ चा ‘ए.डी.एम. जबलपूर व्हर्सेस शिवकांत शुक्ल’ घ्या. नावावरून वाटेल, शुक्लांनीच ए.डी.एम.चं, म्हणजे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं, काही वाकडं केलं. प्रत्यक्षात आणीबाणीत स्थानबद्ध होते शुक्ल. उच्च न्यायालयाचा निर्णय न पटल्याने सरकार अपिलात गेलं, आणि अपील करणाऱ्याचं नाव आधी येतं. केशवानंद भारतींच्या १९७३ च्या खटल्यात प्रतिवादी केरळ राज्य; १३ न्यायाधीशांपुढचा खरा प्रश्न मात्र घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराचा.

यावर कोणी म्हणेल, बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ पुढे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ते काय उगाच? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अनुभवातूनच आली आहे. खरं आहे, पण ते वैर घरातून निघतानाच बरोबर आलेलं असतं. कोर्ट उलट त्याची धार बोथट करतं. भावकीतला सगळा डूख तिथे ‘दावा मिळकत’ आणि तिच्या चतुःसीमा एवढ्यावर येतो. पूर्वेला ओढा, पश्चिमेला गाडीवाट. शिव्याशापांना त्या रकान्यात जागाच नसते. तारखांवर तारखा पडून माणसं कडवट होतात, तो दोष दिरंगाईचा.

जनहित याचिकेत तर ‘विरुद्ध’चा प्रचलित अर्थ लागूच पडत नाही. एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशी याचिका म्हणजे दोन प्रतिपक्षांची झुंज नव्हे. गरिबांना त्यांचे हक्क मिळतात की नाही हे तपासण्याची संधी म्हणून सरकारने तिचं स्वागतच करावं, असंही न्यायमूर्तींनी बजावलं. निकालपत्राच्या माथ्यावर मात्र ‘व्हर्सेस युनियन ऑफ इंडिया’ आहेच.