शाळेचे तास वाढले. शिक्षण वाढले काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. तथापि नोकरीचा सारा काळ बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांच्या शाळांत गेला. त्या अनुभवावरून शाळेचे तास, दिवस आणि वर्षे वाढविण्याच्या विचाराची दुसरी बाजू आपणांपुढे ठेवितो.

प्रथम वर्षांचा हिशेब. पूर्वी अकरावीची मॅट्रिक आणि पुढील चार वर्षे मिळून पंधरा वर्षांत पदवी मिळे. दहा, दोन आणि तीन या आकृतिबंधातही पंधराच वर्षे राहिली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने आरंभी पूर्वप्राथमिकची तीन वर्षे जोडली व शेवटी चार वर्षांची पदवी आणली. तीन वर्षांनी बाहेर पडण्याची मुभा आहे. परंतु सारी पायरी चढणारे मूल तिसऱ्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत विद्यार्थीच राहणार. उलट १९३७ साली वर्ध्यास महात्माजींनी मांडलेली योजना सात वर्षांची होती व तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. ती आज जशीच्या तशी यावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु हाताला व बुद्धीला काय मिळाले, हा तिचा प्रश्न आजही विचारावयासच हवा.

आता दिवसांविषयी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षास २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीस २२० दिवस व १००० तास ठरविले. एवढे तास मनापासून शिकविले तर ते थोडे नाहीत. परंतु त्याच कायद्यान्वये जनगणना आणि निवडणुकीची कामेही शिक्षकांकडे येतात. रांजण गळत असता आणखी घागरी ओतण्यापेक्षा गळती बुजविणे शहाणपणाचे होय.

त्यात आपल्याकडील ऊन! २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर २५ एप्रिलपर्यंत चालविण्याचे वेळापत्रक निघाले. मुंबई-पुण्याचा एप्रिल निराळा आणि मलकापूर-शेगावचा निराळा. पत्र्याखाली बसलेले मूल घामाने भिजलेल्या कागदावर काय लिहिणार? विदर्भात जूनच्या उत्तरार्धात शाळा उघडण्याची रीत आहे, ती ऊन जाणूनच. आमच्या वर्गांत एप्रिलच्या दुपारी मुलांची शरीरे तेवढी हजर असत.

सर्वांत मोठा तोटा मुलींचा. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे तालुक्याच्या गावी जाणे. एस.टी.च्या पासाची सोय असली तरी शाळा तासभर उशिरा सुटली की शेवटची गाडी चुकते, आणि दोन वेळा गाडी चुकली की घरची मंडळी म्हणतात, "पुरे झाली शाळा." वाढविलेला तास असा एखाद्या मुलीची उरलेली सारी वर्षे हिरावून नेतो. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले.

आईबाप दिवसभर शेतावर असता मूल शाळेत सुरक्षित राहते व त्यास दुपारचा आहार मिळतो, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. त्यासाठी मैदान, वाचनालय, बागकाम असावे. आणखी एक तासिका नव्हे.

तेव्हा समाजापुढे तीन नम्र सूचना ठेवितो. सहा वर्षे पूर्ण होण्याआधी मुलास पहिलीत ढकलू नये. शाळेतून आलेल्या लहान मुलास लगेच शिकवणीस न धाडता संध्याकाळ खेळास व घरकामास द्यावी. तिसरी सूचना मंडळास : सत्कारांतील शाली-श्रीफळांचा खर्च आटोपून तो निधी तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहाकडे वळवावा. ज्या मुलीची गाडी चुकते, तिचे नाव गुणवंतांच्या यादीत कधी येत नाही. तिचाही विचार या मंडळाने करावयाचा आहे.