नौकेवरील घडीचे छत : सावली आणि सुरक्षितता

(नामपल्ली, हैदराबाद येथील मराठी श्रोत्यांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईहून नामपल्लीकडे येणाऱ्या एका गाडीला हुसेनसागराचे नाव देण्यात आले आहे. सोळाव्या शतकात, इब्राहिम कुतुबशाहाच्या कारकिर्दीत बांधलेल्या त्या तलावातील नौकाविहार नामपल्लीस उतरणाऱ्या पाहुण्यांना विशेष प्रिय आहे. हीच गाडी वाटेत भिगवणच्या परिसरातून येते. तेथे उजनीच्या जलाशयावर नौका ही करमणूक नसून गावांना जोडणारा रस्ता आहे. दख्खनचे ऊन दोन्हीकडे सारखेच प्रखर. तेव्हा नौकेवर छत हवेच.

परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस ह्याच पठारावर वादळी वारे अकस्मात सुटतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली नौका अशाच वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली. नौकेतील ७ जणांपैकी एक पोहून काठाला लागला. ६ जण मृत्युमुखी पडले. वाऱ्यापुढे लहान नौका किती असहाय असते, हे ह्या दुर्घटनेने दाखवून दिले. अशा नौकेवर ताणलेले छत शिडाप्रमाणे वारा धरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून छत घडीचे असावे आणि वारा सुटण्यापूर्वीच ते मिटता यावे. हे सामर्थ्य कापडात नसून त्याच्या जोडसामानात असते.

घडीच्या छताचा सांगाडा नळीच्या कमानींचा असतो. मुख्य कमानीचे पाय नौकेच्या दोन्ही काठांवरील बिजागरीच्या बैठकीत बसतात. उरलेल्या कमानी सरकत्या पकडींनी तिला जोडलेल्या असतात. पुढून व मागून पट्टे ताणले की छत उभे राहते. बकल सोडले की कमानी एकमेकींवर मिटतात. बैठक केवळ स्क्रूने बसविल्यास धक्क्याने उपटून निघते. तिच्यासाठी आरपार बोल्ट, खालून रुंद पट्टी आणि सैल न होणारी चाकी वापरणे हितावह होय. पायातील खीळ पान्याविना, हाताने निघणारी असावी आणि ती पाण्यात पडू नये म्हणून दोरीने बांधलेली असावी.

धातूची निवडही महत्त्वाची आहे. गोड्या पाण्यात ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील सहसा पुरेसे ठरते. कोकणच्या खाडीत मात्र ३१६ प्रतीचे घ्यावे. त्यातील २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या पाण्यास अधिक काळ दाद देत नाही. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलचा बोल्ट थेट बसविल्यास खाऱ्या ओलाव्यात नळी झिजते. दोहोंमध्ये नायलॉनची चकती घालावी. नायलॉनचे सुटे भाग स्वस्त खरे, पण उन्हाने ते ठिसूळ होतात. त्यांस तडा दिसताच ते बदलावेत.

छताच्या बाजू पडद्यांनी बंद करू नयेत. नौका उलटल्यास जीवरक्षक जाकीट घातलेला माणूसही आत अडकून पडण्याचा धोका असतो.

ग्रामपंचायतींनी हंगामापूर्वी घाटावरील प्रत्येक छत एकदा उघडून व मिटवून पाहण्याची व्यवस्था करावी. शिक्षकांनी नौकेने येणाऱ्या विद्यार्थ्यांना जाकिटाची सवय लावावी. आकाश काळवंडताच नावाड्याने प्रथम छत मिटावे आणि जवळचा काठ गाठावा. उतारूंनीही थोडे ऊन सोसून त्याला साथ द्यावी. घटकाभर सावली गेली तरी चालेल; माणसे सुखरूप घरी पोहोचली पाहिजेत.