माहितीची राखण : उद्योजकाचे कर्तव्य, कामगाराचा हक्क

(चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक व कामगार यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कारखाना उभारताना उद्योजक प्रथम जागा पाहतो. मग पाणी, वीज आणि रस्ता यांची चौकशी करतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने या सोयी राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवल्या. सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळीची वसाहत ही त्याच प्रयत्नांचे एक फळ होय. मात्र आज कारखान्याचा कारभार आणखी एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे संगणकात साठवलेली माहिती. मालाच्या मागण्या, कराची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा आणि कामगारांची हजेरी हे सारे इंटरनेटच्या जाळ्यातून चालते. गोदामाला कुलूप आणि फाटकावर पहारेकरी ठेवणारा उद्योजक या माहितीच्या राखणीविषयी मात्र पुष्कळदा उदासीन आढळतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

हा धोका दूरचा नाही. २१ मार्च २०२१ रोजी खुद्द औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे साठवलेली माहिती गोठवून ती परत देण्यासाठी खंडणी मागणारी आज्ञावली. महामंडळाच्या मुख्यालयाचे व प्रादेशिक कार्यालयांचे ऑनलाइन कामकाज त्यामुळे खोळंबले. महामंडळाच्या तेव्हाच्या निवेदनानुसार माहितीच्या राखीव प्रती वेगळ्या जाळ्यात ठेवलेल्या असल्याने त्यांना बाधा पोहोचली नाही. या घटनेतील खरा धडा हाच आहे. राखीव प्रत मूळ यंत्रापासून अलग असेल तरच ती संकटात उपयोगी पडते. हल्ला झाल्यावर तिची आठवण होणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण बंदराचे आहे. सोलापूरच्या टेरी टॉवेलला परदेशी बाजारपेठ आहे आणि निर्यातीचा माल बंदरातूनच बाहेर पडतो. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका संगणक-प्रणालीतून पसरलेल्या विषाणूने डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची यंत्रणा ठप्प केली. त्याची झळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनललाही बसली व तेथील काम थांबले. हिशेबाच्या साध्या प्रणालीतून शिरलेला दोष सातासमुद्रापलीकडच्या धक्क्यावर माल अडकवू शकतो. तेव्हा 'आपला कारखाना लहान, आपल्याकडे कोण पाहतो' हा समज टिकणारा नाही.

नियम कोण ठरवतो?

इंटरनेटचा कारभार कोणा एका सरकारच्या हाती नाही. शासनसंस्था, तंत्रज्ञ, उद्योग आणि नागरिक या सर्वांचा त्यात सहभाग असावा, हे तत्त्व जगाने स्वीकारले आहे. याच विषयावरील संयुक्त राष्ट्रांच्या मंचाची बैठक डिसेंबर २००८ मध्ये हैदराबाद येथे भरली होती. देशाच्या हद्दीत मात्र नागरिकाचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेचीच राहते. त्या दृष्टीने भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली अमलात आला. २०१३ साली राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर झाले. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक ठरले. यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचीही अट त्यात आहे. लहान उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून मिळाली होती.

या निर्देशांतील काही तरतुदींवर, विशेषतः व्हीपीएन सेवा घेणाऱ्या ग्राहकांचा तपशील पाच वर्षे साठवण्याच्या अटीवर, खाजगीपणाच्या दृष्टीने टीकाही झाली. लोकशाहीत अशी चर्चा आवश्यकच असते. सुरक्षेच्या नावाखाली हक्क आकसू नयेत आणि हक्कांच्या नावाखाली सुरक्षा ढिली पडू नये, हा समतोल विकसनशील देशाला सतत साधावा लागतो.

हजेरीच्या यंत्रातील बोट

हा समतोल कारखान्याच्या फाटकावरच कसोटीला लागतो. कामगार हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवतो; आधार क्रमांक, बँकेचे खाते व घरच्यांची नावे कार्यालयात देतो. हरवलेली किल्ली बदलता येते, चोरलेला सांकेतिक शब्दही बदलता येतो. बोटाचा ठसा मात्र जन्मभर तोच राहतो. म्हणून लहान कारखान्यातील सुरक्षेची हयगय हे केवळ मालकाचे नुकसान नव्हे, तर कामगाराच्या हक्कावर आलेले संकट आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. बहुतेक जबाबदाऱ्या अमलात येण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. नोकरीच्या कामापुरती माहिती मालकाला वेगळ्या संमतीविना वापरता येईल. परंतु ती सुरक्षित राखणे, फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळवणे आणि गरज संपल्यावर, कायद्याने ठेवणे आवश्यक नसल्यास, ती पुसून टाकणे हे त्याचे कर्तव्य ठरते. सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लपवण्यात हित नाही

हल्ला झाल्यावर तो झाकून ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. ग्राहक बिचकेल, बँक संशय घेईल, चौकशी मागे लागेल, अशी भीती त्यामागे असते. ही भीती समजण्यासारखी असली, तरी मौनाचा लाभ केवळ चोरालाच होतो. एका कारखान्याने वेळीच कळवले तर शेजारचे दहा कारखाने सावध होतात. ईमेलच्या पत्त्यात एखादे अक्षर बदलून खरेदीदाराच्या नावाने नवा बँक खाते क्रमांक पाठवण्याची फसवणूक सर्वत्र आढळते. पैसे पाठवण्यापूर्वी जुन्या, परिचित क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केली, तर ती टळते. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवल्यास रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता वाढते. नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे दाखल करता येतात.

अलग ठेवलेली राखीव प्रत, वेळोवेळी अद्ययावत केलेली प्रणाली, प्रत्येकास स्वतंत्र सांकेतिक शब्द, नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश तत्काळ बंद करणे आणि गरजेपुरतीच माहिती मागणे, या गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही; शिस्त मात्र लागते. वसाहतीतील उद्योजकांनी एकत्र येऊन एखादा जाणकार तंत्रज्ञ सामाईक नेमला, तर खर्चाचा भारही वाटला जाईल. आगीपासून बचावाची तयारी ही जशी सर्वांची बाब मानली जाते, तशीच माहितीची राखण मानली गेली पाहिजे. चिंचोळीतील कामगार विश्वासाने यंत्रावर बोट ठेवतो. त्या विश्वासाला पात्र ठरणे हे प्रत्येक कारखान्याचे पहिले सुरक्षा धोरण असले पाहिजे.