ठाणेवासनाचें तांबें आणि सोनें



छत्रपती संभाजीनगरच्या आसपास जो कोणी चार पावलें हिंडला असेल, त्याच्या पायाखालीं काळा पाषाण आलाच असेल. देवगिरीचा डोंगर त्याचा, वेरूळचीं लेणीं त्यांतच कोरलेलीं, आणि विहीर खणावयास घ्यावी तर तोच कातळ आडवा येतो. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारस भेगांवाटे वर येऊन थरावर थर पसरला, त्याचा हा खडक. “गुरुजी, आपल्याकडे सोन्याच्या खाणी कां नाहींत?” असें वर्गांतील मुलें मला पुष्कळदां विचारीत. धातु एके ठिकाणीं गोळा होण्यास जें घडावें लागतें, तें या पाषाणांत फारसें घडलें नाहीं. आणि ज्या प्राचीन खडकांत तें घडलें असेल, ते या काळ्या चादरीखालीं झांकले गेले, हें त्याचें उत्तर.

परंतु चादरीला कांठ असतात. दक्षिणेस तिच्याबाहेर रायचूर जिल्ह्यांत हट्टीची सोन्याची खाण आहे. १९५६ पर्यंत तो जिल्हा व आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यांत होते, आणि १९४७ सालीं निघालेल्या हैदराबाद गोल्ड माइन्स या कंपनीकडे ती खाण होती. तेथें प्राचीन लोकांनीं खोदलेल्या खड्ड्यांनींच अर्वाचीन शोधकांस वाट दाखविली. पूर्वेस ही चादर विदर्भांत विरते, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील ठाणेवासना या गांवाजवळ अतिप्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. आज बोलावयाचें आहे तें त्याविषयीं. कारण तेथें तांब्याबरोबर सोन्याचाही अंश आढळला आहे.

हा धातु तेथें आला कसा? पृथ्वीच्या कवचावर प्रचंड दाब पडला म्हणजे खडक एकमेकांवर घसटून अरुंद पट्ट्यांत चिरडले जातात. अशा पट्ट्यांतून खोलवरचें उष्ण, खारट पाणी वर चढतें. त्यांत विरघळलेले धातु असतात. वाटेंत तें ग्रॅनाइटमधील कांहीं खनिजांचें क्लोराइट या हिरव्या खनिजांत रूपांतर करतें, भेगांत गारगोटी भरतें, आणि थंड होतां होतां गंधकयुक्त ताम्रखनिज मागें ठेवतें. ठाणेवासना येथील चिरडलेला पट्टा, त्यांतील क्लोराइट आणि तांबें-सोनें यांचा परस्परसंबंध दाखविणारा शास्त्रीय निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे तेथें हिरवा पडलेला दगड ही शोधकाच्या दृष्टीनें पाउलखूणच होय.

येथील मुख्य ताम्रखनिज चाल्कोपायराइट. आपले वैद्य ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात तेंच हें. त्याची पिवळी झळाळी पाहून पुष्कळजण फसतात. परीक्षा सोपी आहे. चकाकी नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर घांसावें. सोन्याची रेघ सोनेरी उमटते, माक्षिकाची हिरवट काळी. हातोडीखालीं सोनें चपटें होतें, माक्षिकाचा चुरा होतो. आणि गंमत अशी, कीं अशा दगडांतील खरें सोनें बहुधा इतकें सूक्ष्म असतें कीं तें डोळ्यांस दिसतच नाहीं. तें प्रयोगशाळेंतच कळतें. जें चकाकतें तें सोनें नव्हे, आणि जें सोनें तें चकाकत नाहीं!

आतां मुद्द्याची गोष्ट. धातूची खूण सांपडणें निराळें आणि खाण निघणें निराळें. प्रथम नकाशा करावयाचा, माती तपासावयाची, चर खणावयाचे, जमिनींतून विजेचा प्रवाह सोडून गंधकी खनिजांचा माग काढावयाचा, आणि शेवटीं यंत्रानें खोल छिद्रें पाडून दगडाच्या कांड्या बाहेर काढावयाच्या. दर पायरीवर पुष्कळ जागा बाद होतात. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतील मलांजखंड येथें तर तांब्याचा फार मोठा सांठा आहे. तरीहि तेथें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचें पद्धतशीर संशोधन १९६९ सालीं सुरू झालें, आणि ताम्रप्रकल्प उभा राहण्यास १९८२ उजाडलें.

म्हणून “सोनें सांपडलें” अशी आवई उठली, कीं गांवकऱ्यांनीं प्रथम दोन प्रश्न विचारावे. टनांत किती? आणि उरलेल्या दगडाचें काय? समजा, दगडांत अर्धा टक्का तांबें आहे. मग एक टन फोडून फार तर ५ किलो तांबें मिळेल, आणि ९९५ किलो चुरा मागें राहील. त्यांत गंधकी माक्षिक राहिलें तर हवा व पाऊस लागून आम्ल तयार होतें, आणि तें ओढ्यानाल्यांवाटे शेतांत व नदींत उतरतें. या मुलखाचें पाणी वैनगंगेस मिळतें, हें विसरतां येणार नाहीं.

मी खाणींचा वैरी नव्हे. तांब्याच्या तारेवांचून आज घरांत दिवा लागत नाहीं, आणि तें तांबें कोणाच्या तरी भूमींतूनच यावयाचें. परंतु ज्याच्या शिवारांत तें निघेल, त्याला दगडाची, त्यांतील धातूच्या प्रमाणाची आणि पाण्याची भाषा कळली पाहिजे. २०१५ च्या कायद्यानें खाणींच्या जिल्ह्यांत बाधितांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापावें असें ठरविलें आहे. त्याचा हिशेब मागणें हाहि त्यांचा हक्क आहे. अडाणी मालकाच्या घरीं लक्ष्मी आली तरी ती परसदारानें निघून जाते. भूगोलाच्या तासाला दगड हातीं घेऊन पाहण्याची संवय मुलांना लागली, तर पुढें हा हिशेब तींच मागतील.