वाट चुकलेलीं आपलीं माणसें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं आनंदाच्या गोष्टी बोलाव्यात, हें मला समजतें. ज्या वडीलधाऱ्यांनीं डोक्यावरून विटा व वाळू वाहून हें देऊळ उभें केलें, त्यांचा गौरव आपण आतांच ऐकला. परंतु त्यांच्यापैकीं कांहीं जण आज या सभेंत नाहींत. ते घरांत बसून आहेत, आणि आपण कोण, आपण कोठें आहों, हें त्यांस स्मरत नाहीं. असें माणूस घराबाहेर पडून वाट चुकूं नये म्हणून काय करावें, आणि चुकलेंच तर काय करावें, याविषयीं बोलण्याची फादरांनीं मला आज्ञा केली आहे.

या विकारास स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर लोक त्यास डिमेन्शिया म्हणतात. त्याचा जो सर्वांत अधिक आढळणारा प्रकार, त्यास आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याचें नांव आहे. १९०१ सालीं फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयांत पन्नाशी उलटलेली एक स्त्री त्यांच्या पाहण्यांत आली. तिच्या मरणानंतर तिचा मेंदू तपासून त्यांनीं १९०६ सालीं आपलें निरीक्षण विद्वानांपुढें मांडलें. म्हणजे हा मेंदूचा रोग आहे; वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आणि म्हातारपणाचा हट्ट तर नव्हेच. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत साठ वर्षें व त्यापुढील वयाच्या माणसांत शेंकडा ७.४ जणांस हा विकार आहे. ती संख्या सुमारें ८८ लक्ष भरते. याच हिशेबानें, ज्या धर्मग्रामांत साठीच्या पुढचीं २०० माणसें आहेत, तेथें चौदा-पंधरा जणांस हें दुःख असावें. तीं घरें कोणतीं, हें आपणांपैकीं कोणी सांगूं शकेल काय? नाहीं, कारण आपण तें लपवितों.

मींहि लपविलें. आमच्या बाबांनीं चाळीस वर्षें वाडींतील भाजीच्या टोपल्या पहांटेच्या गाडीनें मुंबईच्या बाजारांत नेल्या. उतारवयांत त्यांची स्मृति ढळूं लागली. एकच प्रश्न ते दहा वेळां विचारीत. जेवून उठल्यावर पुन्हां जेवण मागत. लोक हंसतील म्हणून आम्हीं त्यांस लग्नकार्यास नेणें बंद केलें, आणि शेजाऱ्यांस "बाबांची प्रकृति जरा नरम आहे" एवढेंच सांगितलें. पावसाळ्यांतील एका रात्रीं अडीच वाजतां ते उठले, डोक्यास फडकें गुंडाळलें, कडी काढली आणि चालते झाले. वाटेंत एका शेजाऱ्यानें विचारलें, "बाबा, एवढ्या रात्रीं कोठें?" "बाजाराला," असें बाबांनीं उत्तर दिलें. म्हाताऱ्यानें थट्टा केली असें समजून तो भला माणूस आपल्या वाटेनें गेला. त्याचा काय दोष? खरी गोष्ट आम्हींच त्यास कधीं सांगितली नव्हती.

आम्ही स्टेशनाकडे धांवलों. पुढच्या-मागच्या स्टेशनांवर माणसें पाठविलीं. बाबा सांपडले सकाळीं अकरा वाजतां, घरापासून तीन-चारशें पावलांवर, बावखलाच्या कांठीं झुडुपांत, कमरेपर्यंत चिखलांत. त्याच वाटेनें आम्ही हांका मारीत दोनदां गेलों होतों. त्यांनीं ओ दिली नव्हती. ते त्या दिवशीं वांचले. परंतु गारठ्यानें धरलेला छातीचा विकार पुढें हटला नाहीं, आणि नाताळापूर्वीं ते देवाघरीं गेले. हें मी रडें गाण्यासाठीं सांगत नाहीं. आमची प्रत्येक चूक टाळतां येण्याजोगी होती, म्हणून सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, असें माणूस बहुधा उगीच भटकत नाहीं. त्याच्या मनांत कांहीं काम असतें. कोणास जुन्या नोकरीवर जावयाचें असतें, कोणा आजीस माहेरीं, कोणास शाळेंतून मूल आणावयाचें असतें. कधीं नुसती लघवीची निकड, भूक, दुखणें किंवा घरांतला गोंगाट हेंहि कारण पुरतें. दिवस मावळूं लागला कीं पुष्कळांची चुळबुळ वाढते. अशा वेळीं "तुमचा बाजार केव्हांच संपला" असें सांगून वाद घालूं नये. "चला, मीहि येतों," असें म्हणून अंगणांत चार फेऱ्या माराव्यात. गोष्ट बाजाराची काढावी, आणि चहाच्या निमित्तानें घरांत आणावें. ज्यास दिवसा रोज हिंडावयास मिळतें, त्यास रात्रीं झोंप बरी लागते.

घराची व्यवस्था अशी असावी. दारास नेहमींच्या कडीखेरीज दुसरी कडी नजरेच्या वर किंवा अगदीं खालीं लावावी, आणि दार उघडतांच वाजेल अशी घंटी टांगावी. चपला, छत्री, टोपी, बाजाराची पिशवी हीं डोळ्यांसमोर ठेवूं नयेत. तीं पाहून बाहेर जाण्याची आठवण होते. संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. विहिरीस झांकण व बावखलास कुंपण घालावें. परंतु माणसास बांधून ठेवूं नये, आणि बाहेरून कुलूप लावून एकटें सोडूं नये. आग लागली तर काय होईल, याचा विचार करा. सणासुदीच्या गर्दींत तर विशेष जपावें. बाळ येशू यरुशलेमांत मागें राहिला, तेव्हां तो सोबत्यांमध्यें असेल असें मातापित्यांस वाटलें, आणि एका दिवसाची मजल गेल्यावर शोध सुरू झाला. पवित्र कुटुंबासहि जें घडलें, तें आपणांस घडणार नाहीं असें कोणीं समजूं नये. म्हणून लग्नांत वा यात्रेंत "आतां बाबा माझ्याकडे" असें एकानें दुसऱ्यास तोंडानें सांगून जबाबदारी घ्यावी.

कपड्याच्या आंतल्या बाजूस नांव व घरचा फोन नंबर शिवून ठेवावा. ठिकाण कळविणारीं यंत्रें हल्लीं मिळतात. तीं उपयोगी आहेत; पण तीं वेळच्यावेळीं चार्ज करावीं लागतात आणि अंगावर असावीं लागतात. इंग्लंडांत एक साधी रीत आहे. १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईंत लढलेल्या व पुढें स्मृतिभ्रंशानें पीडलेल्या जॉर्ज हर्बर्ट या सैनिकाचें नांव तिला दिलें आहे. अलीकडील फोटो, उंची, औषधें, जुनें घर, जुनी नोकरी, आवडीच्या जागा, ही सर्व माहिती एका कागदावर अगोदरच लिहून ठेवावयाची, आणि प्रसंग आला कीं पोलिसांच्या हातीं द्यावयाची. असा कागद आपणहि आज रात्रीं लिहूं शकतों.

माणूस दिसेनासें झालें तर आधीं घर, माळा, संडास, परसू व वाडी झटपट पहावी. पाव तासांत पत्ता न लागल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें. चोवीस तास थांबावें लागतें हा समज खोटा आहे. घरीं एक जण थांबावा. दूर धांवण्यापूर्वीं जवळची झुडुपें, खड्डे, पाणी व पडकीं घरें पहावीं. नुसत्या हांका मारून भागत नाहीं, कारण हीं माणसें पुष्कळदां ओ देत नाहींत, डोळ्यांनीं शोधावें. सांपडल्यावर रागें भरूं नये. त्यांच्या मतें तीं कामावरच निघालीं होतीं.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. जपानांत २०२३ या एका वर्षीं स्मृतिभ्रंश झालेल्या १९,०३९ माणसांच्या हरवल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या. तेथील ओमुता शहरांत नागरिक अशा माणसास ओळखण्याचा व त्याच्याशीं बोलण्याचा सराव करतात: समोरून यावें, हळू बोलावें, नांव विचारावें, एकटें सोडूं नये. आपल्या प्रत्येक वाडींत हें कां होऊं नये? घरच्यांनीं लाज सोडून शेजारच्या पांच घरांस, रिक्षावाल्यास व दुकानदारास सांगून ठेवावें: "आमचे बाबा एकटे दिसले तर थांबवा आणि आम्हांस फोन करा." हे एक वाक्य मीं त्या शेजाऱ्यास सांगितलें असतें, तर त्या रात्रीं बाबा त्याचा हात धरून घरीं आले असते.

बेन सिराच्या पुस्तकांत, तिसऱ्या अध्यायांत, पित्याची बुद्धि क्षीण झाली तरी त्यास सांभाळून घे, असा उपदेश आहे. ज्यांनीं आम्हांस बोट धरून या देवळाची वाट दाखविली, त्यांस घरची वाट दाखविण्याची पाळी आतां आमची आहे. महोत्सवाच्या या वर्षीं एवढें तरी आपल्या हातून घडो, अशी देवापाशीं प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.