तळ्यांतील देवघेव



तुमसरचें नांव निघालें कीं कोणाला तांदळाची बाजारपेठ आठवते, कोणाला चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी. परंतु भंडारा जिल्ह्याची जुनी ख्याति आहे ती तलावांचा जिल्हा म्हणून. गोंड राजांच्या काळीं कोहळी लोकांनीं या भागांत जमिनीचा उतार पाहून बांध घातले आणि भातासाठीं पाणी अडविलें. पुढें हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ सालीं मालगुजारी संपली. तेव्हांपासून ते ‘माजी मालगुजारी’ झाले, आणि लोकांनीं त्याचेंच ‘मामा तलाव’ असें सुटसुटीत नांव केलें. या तलावांचें पाणी पुष्कळदां हिरवट दिसतें. हा हिरवेपणा हितकर कोठपर्यंत आणि घातक केव्हां, याचा आज थोडा विचार करूं.

हा रंग असतो पाण्यांत तरंगणाऱ्या, डोळ्यांना सुट्या न दिसणाऱ्या वनस्पतींचा. त्यांना सूक्ष्म शैवलें म्हणतात. सूर्यप्रकाशांत त्या कर्बवायु व पाणी यांपासून आपलें अन्न बनवितात आणि प्राणवायु बाहेर टाकतात. पाण्याचे घटक वेगळे करणारी जी यंत्रणा त्यांच्या पेशींत असते, तिच्या गाभ्यांत मँगनीजचे चार अणु असतात. जी धातु तुमसरकर खाणींतून काढतात, तिच्यावांचून पानाला किंवा शैवलाला प्राणवायु सोडतां यावयाचा नाहीं!

या शैवलांच्या शेजारीं जंतु राहतात. तळ्याच्या एका घन सेंटिमीटर पाण्यांत ते सामान्यतः लाखांनीं मोजावे लागतात. जंतु म्हटलें कीं आपणांस रोग आठवतो. पण यांतील बहुतेकांचा आपल्या आजारांशीं कांहीं संबंध नसतो. त्यांचा संबंध असतो शैवलांशीं. थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानें १८८२ सालीं तो मोठ्या युक्तीनें दाखविला. शैवलाच्या एका तंतूवर त्यानें इंद्रधनुष्यासारखा विभागलेला प्रकाश पाडला आणि भोंवतीं प्राणवायूकडे धांव घेणारे जंतु सोडले. तांबड्या आणि निळ्या प्रकाशाच्या जागीं जंतूंची दाटी झाली. हिरव्या प्रकाशांत ते विरळ राहिले. कोणत्या प्रकाशांत शैवल अधिक प्राणवायु सोडतें, याची साक्ष जंतूंनींच दिली.

ही देवघेव एकतर्फी नाहीं. शैवलांतून पाझरणारी शर्करा आणि मेलेल्या शैवलांचे अवशेष जंतु खातात. त्या मोबदल्यांत ते नत्र, स्फुरद आणि कर्बवायु पाण्यांत परत मोकळे करतात, आणि त्यांवर नवीं शैवलें वाढतात. २००५ सालीं केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनीं शैवलांच्या ३२६ जातींचा हिशेब मांडला. त्यांपैकीं १७१ जातींना ‘बी-१२’ हें जीवनसत्त्व बाहेरून मिळवावें लागतें असें आढळलें. आणि तें पुरविण्याचें काम जंतु करतात.

मग बिघडतें कोठें? गांवाचें सांडपाणी आणि शेतांतील खत तलावांत उतरलें, कीं शैवलांना वाजवीपेक्षां अधिक खाद्य मिळतें. पाणी गर्द हिरवें होतें. दिवसां प्राणवायूची रेलचेल असते. परंतु सूर्य मावळला कीं तो निर्माण होणें थांबतें, आणि शैवलें, जंतु व मासे असे सर्वच तो खर्च करूं लागतात. पहाटेच्या सुमारास सांठा सर्वांत कमी होतो. आभाळ दोन दिवस भरून राहिलें किंवा शैवलांचा थर एकदम मेला, तर जंतूंना कुजविण्यास मुबलक माल मिळतो आणि उरलासुरला प्राणवायुहि संपतो. सकाळीं काठावर रोहू-कटल्यांचा खच पडतो. वर्षभर ते वाढविणाऱ्या ढिवर कुटुंबांची कमाई एका रात्रींत जाते. शिवाय निळ्या-हिरव्या शैवलांच्या कांहीं जाती विष निर्माण करतात. तें पाणी उकळल्यानेंहि निर्विष होत नाहीं. अशा पाण्यावर गुरें नेऊं नयेत.

आश्चर्य असें, कीं हीच जोडी माणसाच्या कामीं येते. नागपूर येथें १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नांवानें ओळखली जाते. सांडपाणी उथळ तळ्यांत ठेवून शुद्ध कसें करावें, यावर तिनें १९७० सालीं ग्रंथ काढला. त्या तळ्यांत जंतु घाण कुजवितात आणि त्यासाठीं लागणारा प्राणवायु शैवलें पुरवितात. मात्र तेथें रोज किती घाण यावी आणि पाणी किती दिवस थांबावें, याचें माप ठरलेलें असतें. गांवच्या तलावावर असें माप ठेवणारा कोणी नसतो.

तेव्हां तलावाचा फिका हिरवा रंग पाहून घाबरूं नये. माशांची शिदोरी त्यांतच आहे. पाण्यावर रंग ओतल्यासारखी साय धरली, किंवा पहाटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले, तर मात्र सावध व्हावें. अशा वेळीं ताजें पाणी सोडावें, पाणी खळबळावें, शेण-खत टाकणें थांबवावें. औषध टाकून सगळें शैवल एकदम मारूं नये. तें कुजतांना प्राणवायु अधिकच ओढून घेईल. आणि गांवच्या गटाराचें तोंड तलावाकडून वळवावें.

उन्हाळ्यांत तलावाचा गाळ काढून शेतांत पसरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्या गाळाबरोबर तळाशीं सांठलेला नत्र आणि स्फुरद पाण्याबाहेर जातो आणि भाताच्या कामीं येतो. जेथें ही चाल मोडली असेल, तेथें ती पुन्हां सुरू करणें, हा तलाव राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.