स्पर्श आणि कौशल्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी याच प्रांगणात मला फरीगदगा शिकविला. म्हणूनच १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमधील तलवारबाजी हा विषय मी घेतला.

फॉइल ही हलकी, केवळ टोकाने स्पर्श करावयाची तलवार. तिच्या पहिल्या फेरीत परीक्षकांनी स्पर्श मोजून नव्हे, तर कौशल्य पाहून निवड केली. म्हणजे लढत हरलेलाही पुढे जाऊ शके! आंतरराष्ट्रीय महासंघ १९१३ साली स्थापन व्हावयाचा होता. नियमांत एकवाक्यता कोठून असणार?

एपेचा न्याय निराळा. तेथे एकच स्पर्श निर्णायक, द्वंद्वयुद्धातल्यासारखा. क्यूबाचा रामोन फोन्स्त अवघ्या सोळाव्या वर्षी हौशी गटात पहिला आला. नंतर चार हौशी व चार व्यावसायिक शिक्षक एकमेकांविरुद्ध उतरले. त्यात फ्रान्सचे शिक्षक आल्बेर आया पहिले आणि फोन्स्त दुसरा. आया यांना ३,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. शिक्षकाची अशी कदर ऑलिंपिकच्या इतिहासात विरळाच.

गुरुजी फॉइलच्या पंथाचे. एका स्नेहसंमेलनात माझा गदगा प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला स्पष्ट लागला होता. तरी गुरुजींनी त्यालाच विजयी ठरविले. ‘‘हात पोहोचला, पाय मागे राहिले,’’ एवढेच म्हणाले. मी आठवडाभर तालमीस गेलो नाही. एपेच्या नियमाने तो सामना माझा होता, हे त्यांना सांगावयाचे मात्र राहून गेले.